शंका घेण्याची जबाबदारी

सहकारी बँक, पतसंस्था, साखर कारखाना, शिक्षणसंस्था, गृहनिर्माण संस्था. कुठल्या ना कुठल्या मंडळावर बसलेला माणूस शोधायला महाराष्ट्रात गाव सोडावे लागत नाही. निवडून आल्यावर गुलाल उडतो, हार पडतात, सत्काराच्या भाषणांत दोन गुणांची उजळणी होते: माणूस स्वच्छ आहे आणि लोकांची कामे करतो. चांगल्या संचालकाची आपली व्याख्या इथेच संपते. ही व्याख्या उथळ आहे. बुडालेल्या संस्थांचा इतिहास पाहिला तर ती घातकही ठरली आहे.

माझे म्हणणे असे आहे. रोजचा कारभार पाहायला पगारी व्यवस्थापक असतो, नोकरवर्ग असतो. संचालकाचे काम वेगळे आहे. जे लोक सभेच्या खोलीत हजर नाहीत, त्यांच्या पैशाच्या वतीने शंका घ्यायची, ती मंडळापुढे मांडायची आणि समाधानकारक उत्तर मिळेपर्यंत इतिवृत्तात जिवंत ठेवायची. स्वच्छ पण गप्प राहणारा संचालक हे काम करत नाही. लबाडाला त्याच्याइतका सोयीचा शेजारी दुसरा नसतो, कारण त्याच्या स्वच्छ नावाखाली सगळ्यांचेच ठराव झाकले जातात.

पुढचे विवेचन मुख्यतः नागरी सहकारी बँका आणि पतसंस्था डोळ्यांसमोर ठेवून केले आहे. इतर संस्थांना ते थोड्याफार फरकाने लागू पडते.

१. मते कोणाची, पैसा कोणाचा

नागरी सहकारी बँकेचा ताळेबंद उघडून देण्यांची बाजू पाहा. भागभांडवल आणि राखीव निधी यांची बेरीज एकीकडे आणि तिच्या कितीतरी पट ठेवी दुसरीकडे. बँकेत फिरणारा पैसा मुख्यतः ठेवीदाराचा असतो. आता मतदारयादी पाहा. कर्ज हवे असेल तर सहसा भाग घेऊन सभासद व्हावे लागते. ठेव ठेवायला सभासदत्व लागत नाही. पतसंस्थेत तर ठेवीदाराला पुष्कळदा नाममात्र सभासद करून घेतात आणि नाममात्र सभासदाला मत नसते. म्हणजे संचालक निवडून येतो तो बराचसा पैसा घेणाऱ्यांच्या मतांवर, आणि त्याला सांभाळायचा असतो तो पैसा देणाऱ्यांचा.

‘लोकांची कामे करणारा’ या प्रशस्तीचा अर्थ इथे स्पष्ट होतो. कोणते लोक, कोणती कामे? अडलेले कर्ज पुढे सरकवणे, तारणाच्या मूल्यांकनात थोडे पुढेमागे करायला लावणे, वसुली अधिकाऱ्याला ‘जरा सांभाळून घ्या’ म्हणून फोन करणे. ज्याचे काम झाले तो मतदार असतो आणि तो उपकार विसरत नाही. ज्या निवृत्त शिक्षिकेने ग्रॅच्युइटीची रक्कम व्याज अर्धा टक्का जास्त म्हणून तिथे ठेवली, ती यादीत नसते, प्रचारफेरीत नसते आणि मंडळाच्या सभेत तर नसतेच नसते. ठेवीला विम्याचे संरक्षण आहे, पण १९९३ पासून ते एक लाख रुपयांपुरते होते आणि फेब्रुवारी २०२० पासून पाच लाखांपर्यंत आहे. त्यावरच्या रकमेचे रक्षण मंडळाच्या जागरूकतेवर अवलंबून राहते.

रिझर्व्ह बँकेने हा पेच ओळखला होता. ठेवीच्या किंवा विमा पॉलिसीच्या तारणावरची कर्जे वगळता, संचालक आणि त्यांच्या नातेवाइकांना कर्ज देण्यास तिने २००३ साली बंदी केली. पण मित्र, भागीदाराचा मेहुणा, पॅनेलचा देणगीदार यांची व्याख्या कुठल्या परिपत्रकात बसणार? ती जागा शेजारी बसलेल्या दुसऱ्या संचालकाच्या प्रश्नानेच भरून निघू शकते.

२. प्रामाणिकपणा पुरत का नाही

‘मी एका पैचाही मिंधा नाही’ हे वाक्य चौकशी अधिकाऱ्यासमोर अनेकांनी मनापासून उच्चारले असेल. ते खरेही असेल. पण महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० हा कायदा त्याच्याही पुढचे विचारतो. कलम ७३ नुसार समितीच्या कार्यकाळातल्या निर्णयांना सगळे सदस्य संयुक्तपणे आणि वैयक्तिकरीत्या जबाबदार असतात. संस्थेच्या हिताला बाधक अशा कृतींना आणि तशाच न केलेल्या कृतींनाही. जबाबदारीचे हे दुसरे अंग आपण वाचतच नाही. पैसे खाल्ले नाहीत याचे उत्तर तुमच्याकडे आहे, पण वसुलीचा दावा मुदतीत का दाखल झाला नाही, याचे?

नुकसान निश्चित करून ते वसूल करण्याची तरतूद कलम ८८ मध्ये आहे. अपहार आणि विश्वासभंग यांच्या जोडीने तिथे जाणूनबुजून केलेला निष्काळजीपणाही बसतो. इथे बचावाचा मुद्दा नेहमी एकच असतो: निष्काळजीपणा झाला असेल, पण जाणूनबुजून नाही. हा मुद्दा न्यायालयात महत्त्वाचा ठरतो आणि ठरायलाही हवा. मग निष्काळजीपणा ‘जाणूनबुजून’ केव्हा होतो? माझ्या मते त्याचे उत्तर लेखापरीक्षण अहवालात सापडते. लेखापरीक्षक दर वर्षी दोष लिहून देतो: अमुक कर्जाचे तारण नोंदवलेले नाही, तमुक खात्याचे जामीनदार एकमेकांचेच कर्जदार आहेत, रोख शिल्लक मर्यादेपेक्षा जास्त ठेवली जाते. कलम ८२ प्रमाणे तीन महिन्यांत दोषदुरुस्ती अहवाल द्यायचा असतो. तो अहवाल कार्यालयात टाइप होतो, ‘यापुढे दक्षता घेण्यात येईल’ हे उत्तर प्रत्येक दोषापुढे पडते, आणि पुढच्या वर्षी तोच दोष, तेच उत्तर. एकदा हे मंडळापुढे येऊन गेले की ‘मला माहीत नव्हते’ हा बचाव लंगडा पडतो. माहीत होते, वाचले होते, सही केली होती.

ही जबाबदारी मुदतीबरोबर संपत नाही. वसुली जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी होऊ शकते. संचालक मरण पावला तर कलम ८८ ची चौकशी त्याची मालमत्ता वारशाने घेणाऱ्यांपर्यंत पोहोचते. मानाचे म्हणून स्वीकारलेले पद मुलांच्या सातबाऱ्यापर्यंत येऊ शकते, हे अर्ज भरताना कोणी सांगत नाही.

३. सभेच्या टेबलावर काय घडते

एवढी मोठी जबाबदारी प्रत्यक्षात जिथे घडते ती जागा फार साधी आहे: मासिक सभेची विषयपत्रिका आणि प्रोसिडिंग बुक.

विषय क्रमांक एक बहुधा ‘मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे’ असा असतो. ते इतिवृत्त वाचले जात नाही. ‘सर्वांना माहीतच आहे’ असे म्हणून पुढे जातात. पण याच विषयात मोठा कायदेशीर अर्थ दडलेला आहे. कायदा म्हणतो की जो सदस्य सभेला हजर नव्हता आणि ज्याने नंतर त्या सभेचे इतिवृत्त कायम केले नाही, तो त्या कामकाजाला जबाबदार नाही. ‘आणि’च्या पलीकडची अट बारकाईने पाहायला हवी. भाच्याच्या लग्नामुळे मार्चची सभा चुकलेला संचालक एप्रिलच्या सभेत मान डोलावतो, तेव्हा न पाहिलेल्या ठरावाची जबाबदारी तो स्वतःच्या अंगावर घेऊ शकतो. तिथे दोन वाक्ये पुरली असती: ‘मी हजर नव्हतो. विषय सहाची टिपणी पाहिल्याशिवाय मी कायम करत नाही, तशी नोंद घ्या.’

शेवटचा विषय ‘मा. अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय’ हा. चार वाजता सुरू झालेली सभा तिथे पोहोचेपर्यंत साडेसहा होतात. बाहेरगावचे संचालक गाडीची चावी हातात घेऊन बसलेले असतात. व्यवस्थापक उभ्याउभ्या सांगतो: अमुक फर्म, दोन कोटी, तारण जागा, उपसमितीची शिफारस आहे. टिपणी आधी कोणाला दिलेली नसते. मूल्यांकन कोणाचे, जागेवर आधीचा बोजा आहे का, याच माणसाचे दुसऱ्या नावाने खाते आहे का, हे विचारायला उसंत नसते. सूचकाचे नाव आणि अनुमोदकाचे नाव लिहून ठराव सर्वानुमते मंजूर. आणीबाणीच्या कामासाठी ठेवलेली ही वाट कर्जमंजुरीचा हमरस्ता झाली की संस्था कुठे चालली आहे हे समजण्यासाठी वेगळ्या चौकशीची गरज उरत नाही. ऐनवेळच्या विषयात एकही कर्ज घ्यायचे नाही, एवढा एक ठराव केला तरी पुष्कळ दुखणी टळतील.

असहमतीची सोयही याच प्रोसिडिंग बुकात आहे. ठराव मान्य नसेल तर सदस्य विरोधी मत नोंदवू शकतो, आणि तसे नोंदवले तर त्या ठरावाची जबाबदारी त्याच्यावर येत नाही. इच्छा असल्यास सात दिवसांत निबंधकांनाही तो लेखी कळवू शकतो. सभेत ‘मला पटत नाही’ असे तोंडी म्हणणारे खूप असतात. ते म्हणणे लिहून घेतले का, हे पुढच्या सभेत पाहणारे फार थोडे.

याच टेबलाशी जोडलेली एक गोष्ट मला विशेष अस्वस्थ करते. कायद्याने मंडळात महिलांसाठी दोन जागा राखीव आहेत. कितीतरी ठिकाणी त्या जागेवरून बोलतो तो नवरा किंवा मुलगा, आणि प्रोसिडिंग बुक शिपायाच्या हातून सहीसाठी घरी जाते. ती बाई सही करते, कारण घरातल्या माणसाने सांगितलेले असते. जबाबदारी निश्चितीची नोटीस मात्र तिच्या नावाने निघते. आरक्षणाने दिलेला अधिकार तिच्यापर्यंत पोहोचत नाही, दायित्व तेवढे पोहोचते. हा शुद्ध अन्याय आहे. तो करण्यात घरचे लोक, अध्यक्ष, सचिव आणि हे डोळ्यांनी पाहणारे बाकीचे सगळे संचालक सहभागी असतात.

४. चुकणारे प्रश्न सोपे असतात

आर्थिक संस्थेचा कारभार गुंतागुंतीचा असतो, सामान्य संचालकाला तो कसा कळावा, असे नेहमी म्हटले जाते. प्रत्यक्ष घटना वेगळेच सांगतात.

सत्यम कॉम्प्युटर्सच्या मंडळावर २००८ साली हार्वर्डचे प्राध्यापक होते, हैदराबादच्या इंडियन स्कूल ऑफ बिझनेसचे अधिष्ठाता होते, माजी कॅबिनेट सचिव होते. यापेक्षा विद्वान मंडळ शोधणे कठीण. त्या वर्षीच्या डिसेंबरमध्ये प्रवर्तकाच्या कुटुंबाशी संबंधित दोन कंपन्या विकत घेण्याचा प्रस्ताव याच मंडळाने मंजूर केला आणि गुंतवणूकदार खवळल्यावर तो लगेच मागे घ्यावा लागला. ७ जानेवारी २००९ च्या अध्यक्षांच्या पत्रातून कळले की ताळेबंदात दाखवलेल्या रोख व बँक शिलकेपैकी ५,०४० कोटी रुपये अस्तित्वातच नव्हते. बँकेतली शिल्लक! ज्याची खातरजमा बँकेच्या एका पत्राने होते, तीच बाब.

आता मुंबईतले अलीकडचे उदाहरण. फेब्रुवारी २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध घातले आणि दुसऱ्याच दिवशी तिचे मंडळ बरखास्त केले. प्रभादेवी आणि गोरेगाव इथली रोकड तपासली तेव्हा पुस्तकी आकड्यापेक्षा सुमारे १२२ कोटी रुपये कमी निघाले होते. पुढे ऑगस्ट २०२५ मध्ये ती बँक सारस्वत बँकेत विलीन झाली. दोष कोणाचा, किती, हे ठरवणे तपास यंत्रणांचे आणि न्यायालयाचे काम आहे. माझा मुद्दा मर्यादित आहे. तिजोरीतल्या नोटा मोजणे हे बँकिंगमधले सर्वांत अडाणी काम म्हणता येईल. एवढी रोकड शाखेत लागतेच कशाला, हा प्रश्न किराणा दुकान चालवणारा संचालकही विचारू शकतो. खरे तर तोच आधी विचारेल.

शंकेला पदवी लागत नाही, सवय लागते. मार्चअखेरच्या ‘नवं-जुनं’ प्रकाराचेच पाहा. थकलेले कर्ज ३० मार्चला भरले गेल्याचे दिसते, थकबाकी खाली येते, लेखापरीक्षणाचा वर्ग सुधारतो, लाभांश जाहीर होतो. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात त्याच माणसाला, त्याच्या बायकोला किंवा भावाला नवे कर्ज मिळालेले असते आणि त्यातली रक्कम मागच्या भरण्याच्या उसनवारीत गेलेली असते. हे पकडायला तेरीज पत्रकाचे सखोल ज्ञान लागत नाही. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात बंद झालेली खाती आणि एप्रिलमध्ये उघडलेली खाती, पत्त्यांसह, एका कागदावर मागायची. यादी द्यायला टाळाटाळ झाली तर ती टाळाटाळ हेच उत्तर समजावे.

५. आक्षेप

अविश्वासाने संस्था चालत नाही, सहकार तर नाहीच, हा पहिला आक्षेप. त्यात तथ्य आहे. व्यवस्थापकाच्या टेबलावर रोज जाऊन फायली चाळणारा संचालक संस्थेला त्रासच देतो. पण मी व्यक्तीवरच्या संशयाबद्दल बोलत नाही. मंडळाच्या सभेत, ठरलेल्या विषयावर, सगळ्यांना सारखा विचारलेला प्रश्न प्रामाणिक व्यवस्थापकाला उपयोगीच पडतो. अध्यक्षांच्या दडपणाला ‘मंडळ विचारेल’ असे सांगून तोंड देण्याची सोय त्याला मिळते. जिथे हा प्रश्न नाहीसा होतो तिथे काय घडते ते सप्टेंबर २०१९ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेत दिसले. एकूण कर्जाच्या सत्तर टक्क्यांहून अधिक रक्कम एकाच बांधकाम समूहाकडे गेली होती, हजारो बनावट खात्यांमागे ते लपवले होते, आणि निर्बंधांच्या पहिल्या दिवशी ठेवीदाराला फक्त एक हजार रुपये काढण्याची मुभा होती. पुढे काही संचालकांना अटकही झाली. बनावट खाती विचारून उघडकीस आली असतीच असे मी म्हणणार नाही. काही फसवणुकी मंडळाच्या नजरेपलीकडच्या असतात, आणि नुकसान सदस्यांच्या आवाक्याबाहेरच्या कारणांनी झाले का हे आधी तपासण्याचे बंधन कायद्याने निबंधकांवर घातले आहे. पण ते संरक्षण मागायचे तर तुम्ही विचारले होते, हे कुठेतरी लिहिलेले असावे लागते.

दुसरा आक्षेप मोबदल्याचा. सभाभत्त्यापलीकडे काही मिळत नाही, मग घरादारावर येणारी जबाबदारी का? यातला एक भाग मला पूर्ण मान्य आहे. चौकश्या वर्षानुवर्षे रेंगाळतात आणि नोंदवून विरोध केलेला संचालकही बाकीच्यांबरोबर खेटे घालत राहतो. विरोधाची नोंद असलेल्याला चौकशीच्या आरंभीच वेगळे काढण्याची कार्यपद्धती असायला हवी. बाकीचा भाग मात्र मान्य होत नाही. महिन्याला टिपण्या वाचायला एक दिवस देणे जमत नसेल तर पद नाकारण्याची मुभा प्रत्येकाला आहे. ठेवीदाराला अशी मुभा नसते. बँक अडचणीत आल्याचे त्याला शाखेच्या बंद दारावरच्या नोटिशीतून कळते.

तिसरा आक्षेप तज्ज्ञतेचा, त्याचे उत्तर अर्धे वर आलेच आहे. रिझर्व्ह बँकेने डिसेंबर २०१९ मध्ये शंभर कोटी किंवा त्याहून अधिक ठेवींच्या नागरी बँकांना तज्ज्ञांचे वेगळे व्यवस्थापन मंडळ नेमायला सांगितले. पाऊल योग्य आहे, पण त्याने निवडून आलेल्या मंडळाची शंका तज्ज्ञांकडे सोपवली जाऊ नये. प्रवरानगरच्या सहकारी साखर कारखान्याच्या सुरुवातीच्या मंडळात अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ अध्यक्ष होते आणि शेतकरी विठ्ठलराव विखे पाटील उपाध्यक्ष. हिशोबाची शिस्त एकाला कळत होती. कोणत्या शिवारात किती ऊस उभा आहे आणि कोणाचा शब्द खरा, हे दुसऱ्याला. कर्जाच्या प्रस्तावातली जागा खरोखर कुठे आहे आणि तिथे ओढा वाहतो की नाही, हे सनदी लेखापालापेक्षा त्याच गावच्या संचालकाला जास्त ठाऊक असते. ते ज्ञान मंडळात बोलले जात नाही, हे खरे दुखणे.

चौथा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. प्रश्न विचारणाऱ्याला पुढच्या निवडणुकीत पॅनेलमध्ये जागा मिळत नाही. हे शब्दशः खरे आहे. पॅनेल अध्यक्ष बनवतो, मंडळ बिनविरोध येते, आणि ज्याने विरोध नोंदवला त्याचे नाव यादीतून शांतपणे गळते. इथे वैयक्तिक धैर्याचे आवाहन करून भागणार नाही. सभासदाला आणि ठेवीदाराला कोण विचारतो आणि कोण गप्प बसतो हे दिसतच नसेल, तर विचारणाऱ्याच्या पाठीशी ते उभे तरी कसे राहणार?

६. वार्षिक अहवालातले एक पान

म्हणून उपायाची सुरुवात मी अहवालापासून करेन. ३० सप्टेंबरपर्यंत वार्षिक सर्वसाधारण सभा होते, त्याआधी अहवाल छापला जातो आणि पहिल्या पानावर संचालकांची छायाचित्रे असतात. त्याच पानावर प्रत्येकाच्या नावापुढे त्या वर्षातल्या सभा किती आणि हजेरी किती हे छापावे. त्याखाली वर्षभरात नोंदलेली विरोधी मते, ठराव क्रमांकासह. कर्जदाराचे नाव गोपनीय ठेवूनही हे करता येते. लेखापरीक्षकाने सलग दुसऱ्या वर्षी दाखवलेले दोष वेगळ्या रकान्यात. ऐनवेळच्या विषयात मंजूर झालेल्या कर्जांची एकूण रक्कम. यासाठी नव्या कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही. मंडळाचा एक ठराव पुरतो, आणि मंडळ करत नसेल तर सभासदांनी सर्वसाधारण सभेत लेखी मागणी करावी. ठेवीदारांनाही शाखेत अहवालाची प्रत मागता आली पाहिजे, मत नसले तरी. येत्या सप्टेंबरच्या सभेची नोटीस हातात पडेल तेव्हा सभासदांनी हा विषय मुदतीत लेखी कळवावा, म्हणजे तो ऐनवेळच्या विषयांत ढकलला जाणार नाही.